स्कॅन सायकल मुळातच फंक्शनल आहे

हास्केलसारख्या फंक्शनल भाषेत (जिथे प्रोग्रॅम गणिती फंक्शनांसारखा लिहितात) कारखान्यातली मशीन चालवता येतील का, असा प्रश्न आहे. मी बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) पॅनल आणि पीएलसीची (मशीन चालवणाऱ्या औद्योगिक संगणकाची) कामं करतो, तेव्हा शॉपफ्लोअरवरचं सांगतो.

पीएलसी काय करतो? सगळे इनपुट एकदा वाचतो, लॉजिक चालवतो, मग आउटपुट लिहितो; ही फेरी, म्हणजे स्कॅन सायकल, पुन्हा पुन्हा चालते. जुनी स्टेट (लक्षात ठेवलेली स्थिती) आणि इनपुट आत, नवी स्टेट आणि आउटपुट बाहेर. हे शुद्ध फंक्शनच झालं, तेच आत तर तेच बाहेर! घोळ होतो मधल्या सामाईक बिटांमुळे (प्रोग्रॅममध्ये कुठूनही बदलता येणाऱ्या खुणांमुळे). एका पॅकिंग मशीनवर सिलिंडर पुढे जाईना. दोन रात्री आम्ही सोलेनॉइड (व्हॉल्व्ह हलवणारा विद्युतचुंबक) आणि वायरिंग तपासत बसलो. शेवटी सापडलं, लॅडरमध्ये (पीएलसीच्या आकृतीवजा प्रोग्रॅममध्ये) एकच कॉइल (आउटपुट चालू-बंद करणारी खूण) दोन ठिकाणी होती आणि खालची ओळ वरचीचा निकाल पुसत होती. एका आउटपुटची व्याख्या एकदाच, हा नियम भाषेनंच लावला असता तर ही चूक कंपाइल होतानाच, म्हणजे प्रोग्रॅम मशीनवर जाण्याआधीच, पकडली गेली असती.

मात्र हास्केल थेट मशीनवर नको. गार्बेज कलेक्शन (नको असलेली मेमरी आपोआप मोकळी करणं) कधी मध्ये येईल याचा भरवसा नाही, आणि सर्व्हो लूपला (मोटरची हालचाल सतत दुरुस्त करणाऱ्या चक्राला) तेवढी उसंत नसते. त्यापेक्षा हास्केलात लिहून सी कोड तयार करावा. नासाची कोपायलट ही भाषा तेच करते (मायक्रोसॉफ्टच्या कोपायलटशी हिचा संबंध नाही). लस्टर या भाषेवर आधारलेलं स्केड हे सॉफ्टवेअर तर एअरबसच्या उड्डाण-नियंत्रणात वापरलं गेलंय. अनेक मशीनशी एकाच वेळी बोलायचं असेल तर 1986 पासून एरिक्सन या टेलिकॉम कंपनीत घडलेली एर्लँग ही भाषा मला जास्त पटते.

इमर्जन्सी स्टॉप मात्र कुठल्याही भाषेवर सोडू नका, तो सेफ्टी रिलेवरच (प्रोग्रॅमवर न विसंबता वीज तोडणाऱ्या वेगळ्या स्विचवर) ठेवा.