लंडन ते न्यूयॉर्क: अंतर एकच, मग प्रवासाची वेळ वेगवेगळी का?

प्रश्न:
लंडन (हीथ्रो) ते न्यूयॉर्क (जेएफके) हे हवाई अंतर एका ठिकाणी सुमारे ५,५४० किलोमीटर, तर दुसऱ्या ठिकाणी २,९९१ मैल दिले आहे आणि या दोन आकड्यांचा मेळ बसत नाही. शिवाय विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरला, तर सव्वासहा तास पुरायला हवेत. पण तिकिटावर जाताना सुमारे आठ आणि येताना सात तास दिसतात. चूक नेमकी कुठे होते आहे?

उत्तर १:
ते मैल जमिनीवरचे नसून सागरी आहेत. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर; गुणून पाहिल्यास मेळ बसेल. हे अंतर विमानतळांमधले, तेही पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरचे किमान अंतर आहे. पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो न्यूफाउंडलँडवरून जातो. सपाट नकाशावर हीच वाट उत्तरेकडे वाकलेली दिसते आणि उगाचच वळसा घातल्यासारखे वाटते.

उत्तर २:
वेळेतला फरक मुख्यतः वाऱ्यामुळे पडतो. साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतो आणि विमानाचा ९०० हा वेग त्याच्या भोवतालच्या हवेच्या तुलनेत असतो, जमिनीच्या नव्हे. समोरून ताशी १०० किलोमीटरचा वारा असेल, तर जमिनीवरून मोजलेला वेग ८०० वर येतो आणि ५,५४० किलोमीटरना जवळजवळ सात तास लागतात. तोच वारा पाठीशी असेल, तर साडेपाच तास पुरतात. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्याच्या जोरावर एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून पाच तासांपेक्षाही कमी वेळात लंडनला उतरले होते.
शिवाय तिकिटावरची वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंतची रांग, चढण्या-उतरण्यातला कमी वेग, उतरण्याची परवानगी मिळेपर्यंत आकाशात मारलेल्या घिरट्या आणि उशीर झाकण्यासाठी कंपनीने आधीच धरलेली मोकळीक, हे सगळे त्यात येते.

उत्तर ३:
वाऱ्याचा मुद्दा मान्य आहे, पण किमान अंतराची वाट नेहमी मोकळी असतेच असे नाही. रशियाचे आकाश २०२२ मध्ये बंद झाल्यापासून हेलसिंकी ते टोकियो हा पूर्वी नऊ-साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांवर गेला. शहरे मात्र जागच्या जागीच आहेत.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. खरे तर आधी मी याहून मोठी चूक केली होती: सुटण्याची वेळ सकाळी ११ आणि पोहोचण्याची दुपारी २ पाहून प्रवास तीनच तासांचा धरला होता.

उत्तर २:
दोन्ही वेळा त्या-त्या शहराच्या घड्याळाप्रमाणे छापतात, म्हणून त्यात पाच तास मिळवावे लागतात. मार्चमध्ये मात्र दोन-तीन आठवडे चारच मिळवावेत, कारण अमेरिकेत घड्याळे ब्रिटनच्या आधी पुढे करतात.