प्रवासात वाटेवरच्या गावात शिरून जेवावं, की महामार्गावरच थांबावं?

रानवाट

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला आणि नागपूर-मुंबई हे ७०१ किलोमीटरचं अंतर दिवसाउजेडी पार पडायला लागलं. सोय मोठी आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण तेव्हापासून ओळखीतले सगळे एकाच तऱ्हेने प्रवास करताना दिसतात. सुसाट जायचं, पेट्रोलपंपाशेजारी थांबायचं, इडली नाहीतर सँडविच खायचं, परत सुसाट. दहा जिल्हे ओलांडणारा माणूस एकाही गावात पाय ठेवत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की लांबच्या प्रवासातलं एक जेवण तरी महामार्ग सोडून जवळच्या तालुक्याच्या गावात घ्यावं. समृद्धीवर टोल अंतराप्रमाणे लागतो, त्यामुळे मध्ये उतरून पुन्हा चढलं म्हणून मोठा भुर्दंड बसत नाही. मेहकरला उतरलं की लोणार वीस-पंचवीस किलोमीटरवर. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं उल्काविवर, काठावरची पडझड झालेली देवळं, गावातलं दैत्यसूदन मंदिर. सिंदखेडराजाला जिजाऊंचं जन्मस्थान आणि लखुजी जाधवांची समाधी. कारंजा लाड हे नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव. शाळेत असताना नावं पाठ केलेली ही गावं. त्यांच्या कडेने १२० च्या वेगाने निघून जायचं आणि दिवाळीच्या सुट्टीत राजस्थानात जाऊन 'तिथलं खास जेवण' शोधत हिंडायचं, हे मला पटत नाही.

खानावळ शोधायला ॲपही लागत नाही. बसस्थानक, तहसील कचेरी आणि कोर्ट यांच्या मधल्या भागात दुपारी बारा ते दोन या वेळात चक्कर मारा. तारखेला आलेली माणसं, सातबाऱ्यासाठी खेटे घालणारे शेतकरी, एसटीचे चालक-वाहक तिथे जेवत असतात. बेसन, आलू-वांग्याची भाजी, वरण, ठेचा, चिरलेला कांदा आणि तव्यावरून थेट ताटात येणारी भाकरी. फूड मॉलमध्ये याच्या दुप्पट पैसे मोजून आपण फ्रीजमधला सामोसा गरम करून खातो.

काय वाटतं तुम्हाला?

अबोली

सहमत नाही, आणि कारण जेवणाशी संबंधित नाही.

माझं माहेर अमरावती, सासर ठाणे. गाडीत सासूबाई असतात, त्यांना मधुमेह आहे. मुलगी सहा वर्षांची. आम्ही कुठे थांबायचं हे एकाच गोष्टीवर ठरतं: स्वच्छतागृह आहे का, दाराला कडी आहे का, नळाला पाणी आहे का. तुम्ही ज्या खानावळीचं वर्णन केलंत, तिथे जेवणाऱ्यांची यादी पुन्हा वाचा. सगळे पुरुष आहेत. बाई तिथे गेली की मालक धांदलतो, आतल्या कोपऱ्यात पडद्यामागे 'फॅमिली'ची सोय करून देतो, आणि स्वच्छतागृहाचं विचारलं की बसस्थानकाकडे बोट दाखवतो. त्या बसस्थानकावर काय अवस्था असते ते मी इथे लिहीत नाही.

प्रवासाला निघायच्या आदल्या रात्रीपासून कमी पाणी पिणाऱ्या कितीतरी बायका मला माहीत आहेत. फूड मॉलचा सामोसा बेचव असेल, पण तिथे मी निर्धास्त पाणी पिऊ शकते. गावात शिरण्याची मजा ही ज्याला रस्त्याच्या कडेला कुठेही थांबता येतं त्याची मजा आहे.

रानवाट

अबोलीताई, मुद्दा खरा आहे. पण त्यावर उपाय असा करता येतो की स्वच्छतागृहासाठी महामार्गावरच्या पंपावर थांबायचं आणि जेवायला गावात जायचं. दोन्ही एकाच जागी व्हायला हवं असं नाही.

अबोली

मधुमेहाच्या माणसाला आणि लहान मुलाला असं वेळापत्रक लावता येत नाही. जेवल्यावर अर्ध्या तासात गरज लागते, आणि तेव्हा आपण गावात असतो.

पैनगंगा

ज्या पट्ट्याबद्दल लिहिलंय, तिथलाच मी. दोन गोष्टी सांगतो.

महामार्ग गावाबाहेरून गेला याचं आम्हाला दुःख नाही. जुन्या रस्त्याने रात्रभर ट्रक आणि ट्रॅव्हल्स धावायच्या, शाळेची पोरं जीव मुठीत धरून रस्ता ओलांडायची. ती रहदारी आता बरीच हटली. ज्यांचे धाबे तिच्यावर चालायचे त्यांना फटका बसला हे खरं, पण त्यावरून 'गाव ओस पडतंय' असा सूर लावू नका. आमचा बाजार भरतो, कोर्ट चालतं, पेरणीच्या दिवसांत कृषी केंद्रापुढे पाय ठेवायला जागा नसते.

दुसरी गोष्ट जरा कडू लागेल. आमच्याकडे माणूस हॉटेलात कशासाठी जातो? ज्वारीची भाकरी, बेसन, तुरीचं वरण घरी रोजच आहे. पोरगा पास झाला, जावई आला, तर हॉटेलात पनीर, काजूकरी, तंदुरी रोटी, मंचुरियन मागवायचं. तालुक्यातलं चांगलं चालणारं हॉटेल हेच विकतं. शहरातला पाहुणा येतो, मेनू बघून नाक मुरडतो आणि विचारतो, "इथलं काही नाही का?" अहो, हेच इथलं आहे. ज्या गावात लोक आवडीने मंचुरियन खातात, तिथे मंचुरियन हेच गावाचं खाणं झालं. आम्ही तुमच्यासाठी कायम भाकरी-ठेचाच खात बसावं, अशी अपेक्षा का?

खानावळ असते ती घरापासून लांब राहणाऱ्यांसाठी. स्पर्धा परीक्षेची पोरं, बदलीवर आलेले कर्मचारी. महिन्याचे पैसे भरून डबा लावलेला असतो. ठरलेल्या माणसांच्या अंदाजाने कणीक आणि पीठ मळलं जातं. सुट्टीच्या दिवशी तीन गाड्या भरून पाहुणे आले, की शेवटी येणाऱ्या पोराला भात-वरणावर भागवावं लागतं.

खानदेशी_मुलूख

पैनगंगा, पनीरचं निरीक्षण अचूक, पण ते अख्ख्या राज्याला लावू नका.

हिवाळ्यात जळगाव-भुसावळच्या बाजूला या. वांग्याचं भरीत तिकडे किलोच्या भावाने विकतात आणि घेणारे नव्वद टक्के गावातलेच असतात, कारण एवढी वांगी घरी भाजायचा कुटाणा कोण करणार? हिरवट, मोठी, कमी बियांची वांगी तेलाचा हात लावून कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भाजतात. काड्यांचा जाळ भडकून लगेच विझतो, त्यामुळे साल करपते आणि आतला गर धुराचा वास घेऊन मऊ होतो. हे गॅसवर साधत नाही. साल काढून गर लाकडी भांड्यात ठेचायचा. मग तेलात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, आणि त्यात तो गर. सोबत कळण्याची पुरी किंवा भाकरी, म्हणजे ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळलेलं पीठ. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय.

शेवभाजीचंही तसंच. ती आमच्याकडे हॉटेलात जाऊन खायचीच गोष्ट आहे. तेव्हा 'स्थानिक लोक बाहेर स्थानिक खात नाहीत' हा नियम खानदेशात लागू पडत नाही. जे घरी करायला कटकटीचं, ते गावोगावी बाहेर मिळतं. पाहुण्याने तेच शोधावं. घरगुती भाकरी हवी असेल तर कुणाच्या तरी घरी पाहुणा म्हणून जावं.

औरंगपुरा

इथपर्यंतची सगळी चर्चा भाकरी, बेसन, भरीत यांच्यावरच चालली आहे. आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या वस्तीत सकाळी मिळणारा नान-खलिया हेसुद्धा या मातीतलं जेवण आहे. तंदूरमधले जाड नान आणि मटणाचा रस्सा. तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला हलवली, त्या लवाजम्याबरोबर हा प्रकार आला असं इथे सांगितलं जातं. समृद्धीवरून जाणारे वेरूळ-अजिंठ्यासाठी उतरतात, पण त्यांना कुणी या गल्लीत जायला सांगत नाही. 'गावचं जेवण' म्हटलं की एकाच प्रकारच्या घरातलं ताट डोळ्यांपुढे येतं, ते बदलायला हवं. नागपूरचं सावजी आज सगळ्यांना माहीत आहे, पण तेही विणकर हलबा कोष्टी समाजाचं जेवण होतं. लोक त्या वस्तीत गेले म्हणून कळलं.

स्टेअरिंग

टुरिस्ट गाडी चालवतो. एक गैरसमज दूर करतो, कारण प्रवासी नेहमी सांगतात, "दादा, ट्रक जास्त उभे असतील तिथे घ्या, तिथे जेवण चांगलं असतं."

ट्रकवाला चवीसाठी थांबत नाही. मोठी गाडी लावायला आणि वळवायला मोकळी जागा, आंघोळीला पाणी, टेकायला खाट, रात्री डिझेलची चोरी होणार नाही याची खात्री आणि ओळख असली तर उधारी, एवढ्यासाठी थांबतो. जेवण बरं असेल तर उत्तमच. त्यापेक्षा त्याच तालुक्याच्या नंबरच्या दुचाकी किती उभ्या आहेत ते बघा. स्वतःच्या गावात खराब जेवण कुणी दुसऱ्यांदा खात नाही.

बाकी वेळेचं सांगतो. अडीच-तीननंतर खानावळीत जाऊन नाराज होऊ नका. चूल विझलेली असते, उरलंसुरलं मिळतं, आणि मग नेटवर जाऊन एक तारा देता. हे बरोबर नाही.

कातळसडा

मी तिसऱ्या बाजूचा. जा, जेवा, पण जागेचं नाव जाहीर करू नका.

कोकणातल्या एका घरगुती खानावळीचं उदाहरण देतो. नाव देत नाही. दोघी जावा चालवायच्या. एक भाकऱ्या करायची, दुसरी माशाचं बघायची. तांदळाची भाकरी म्हणजे उकड काढायची, ती गरम असतानाच मळायची, थापायची, तव्यावर पाणी लावून उलटायची, मग निखाऱ्यावर फुगवायची. एका बाईच्या हातून ताशी किती भाकऱ्या होतील याला मर्यादा आहे. कुणीतरी रील टाकलं आणि शनिवार-रविवार दारात पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागली. आधी भाकरी बंद होऊन चपाती आली, तीही सकाळीच करून ठेवलेली. मग जवळच्या बंदरातला मासा पुरेना म्हणून बर्फातला आला. मग वाटणही बाहेरून आलं. वर्षाच्या आत लोक लिहायला लागले, 'पूर्वीसारखं राहिलं नाही.' बिघडवलं कुणी?

कास पठाराला २०१२ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि पुढे गर्दी इतकी झाली की रोजच्या माणसांवर मर्यादा घालून नोंदणी सुरू करावी लागली. फुलांना वाचवायला वनखातं आहे. दोघी जावांच्या चुलीला कोण वाचवणार?

इंदापूरकर

कातळसडा, तुमची तळमळ समजते. पण त्या दोघी जावांना विचारलंत का? गर्दीच्या त्या वर्षात घरावर स्लॅब पडला असेल, मुलीच्या कॉलेजची फी निघाली असेल. चव टिकावी म्हणून त्यांनी कमी कमवावं, हे आपण कोण ठरवणार?

आमच्या भिगवणचं बघा. उजनीच्या पाण्याखाली गावं गेली, शेती गेली. त्याच पाण्यात पुढे मासेमारी वाढली, हिवाळ्यात रोहित पक्षी यायला लागले, आणि आज कुंभारगावात मच्छीमार कुटुंबं होडीतून पक्षी दाखवतात, घरी मासे करून वाढतात. पुणे-सोलापूर रस्त्यावरचे लोक मासे खायला मुद्दाम भिगवणला थांबतात. चिलापी, मरळ, वाम, जे त्या दिवशी मिळेल ते. नाव झालं म्हणूनच हे झालं. गुपित ठेवलं असतं तर फायदा फक्त गुपित माहीत असलेल्यांचा.

मर्यादा मालकानेच घालावी. "आज एवढीच ताटं, आधी फोन करा" असं सांगणारे आमच्याकडे आहेत. पाहुण्यांनी तो 'नाही' मुकाट्याने ऐकायला शिकावं.

कातळसडा

मालकाला 'नाही' म्हणता येतं हे गृहीत धरताय. दारात मुंबईची गाडी, आत कर्जाचा हप्ता. तिथे 'नाही' निघत नाही तोंडातून. म्हणून म्हणतो, संयम बघणाऱ्याकडे हवा. तोंडी सांगा, ओळखीत सांगा. लाखो लोकांना पत्ता देऊ नका.

रानवाट

खानदेशी_मुलूख यांचं वाक्य मी लक्षात ठेवणार: जे घरी करायला कटकटीचं, ते शोधावं. पण पैनगंगा, एका बाबतीत मी मागे हटत नाही. तुम्ही मंचुरियन खाल्लंत तर त्यात गैर काहीच नाही, पण मग आम्ही मेहकरला उतरावं कशासाठी, हेही सांगा. केवळ लोणारसाठी?

पैनगंगा

उतरा की. बाजाराच्या दिवशी या. गाडी बाजारात घालू नका, बाहेर लावून चालत या. हॉटेलात शिरायच्या आधी तूर, ज्वारी, हंगामातल्या रानभाज्या, गूळ घ्या. शेतकऱ्याच्या हातात पैसे पडतील आणि तुम्ही म्हणता ती चव तुमच्या स्वयंपाकघरात महिनाभर टिकेल. खानावळीतच जेवायचं असेल तर बारा वाजता फोन करून माणसं सांगा, म्हणजे पीठ जास्त मळलं जाईल. हे सगळं माणसासारखं झालं तर कोण नको म्हणेल?

अबोली

मग माझी अटही त्यात घाला. पर्यटनाच्या नावाने फलक आणि कमानी उभारण्याआधी प्रत्येक तालुक्याच्या गावात बाजारपेठेजवळ बायकांसाठी पाणी असलेलं, रोज साफ होणारं एक स्वच्छतागृह हवं. पाहुणी जाऊ दे, बाजाराच्या दिवशी सकाळपासून भाजी घेऊन बसलेली बाई कुठे जाते, हे पैनगंगा यांनी आपल्या नगरपालिकेला विचारावं. तिची सोय झाली की माझीही झाली, आणि तेव्हा मी सासूबाईंना घेऊन मेहकरला उतरेन.

पैनगंगा

विचारतो. सध्या आमच्याकडे एक आहे, त्याला कुलूप असतं आणि किल्ली कुणाकडे आहे हे कुणी सांगत नाही. लेखी अर्ज देतो, उत्तर आलं की इथे टाकतो.