लोगोवरून नोटीस आलीय, त्यात अर्जातही चूक झालीय. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

कोल्हापूर जिल्ह्यातल्या छोट्या दूध संकलन केंद्रांसाठी मी एक ॲप चालवतो. दोन्ही वेळचं दूध, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), उचल वजा जाता दहा दिवसांचं बिल, एवढंच त्याचं काम. मी आणि आतेबहीण, दोघंच. लोगो तिनेच काढलाय: चरवी आणि तिच्या तोंडावर निळा थेंब. २०१८ च्या दिवाळीपासून तोच आहे. निम्म्या लोकांना ॲपचं नाव सांगता येत नाही, 'ते थेंबाचं' म्हणतात.

गेल्या आठवड्यात एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीच्या वकिलांचं पत्र आलं. त्यांच्या लोगोतही निळा थेंब आहे. नुसता थेंब, चरवी नाही. पंधरा दिवसांत लोगो काढा, ॲप प्ले स्टोअरवरून उतरवा, पुन्हा वापरणार नाही असं हमीपत्र द्या आणि वर दहा लाख भरपाई. (दहा लाख! आमची वर्षाची उलाढाल तेवढी नाही.) त्यांनी थेंब घेतला २०२१ मध्ये, त्याआधी त्यांचा लोगो वेगळाच होता. म्हणजे आधीचा मी.

खरी गोची पुढे आहे. मागच्या वर्षी ट्रेडमार्क नोंदणीसाठी टीएम-ए हा अर्ज भरला, क्लास ९ आणि ४२ (सॉफ्टवेअर आणि त्याच्या सेवांचे वर्ग), प्रत्येकी ४,५०० रुपये. ज्याच्याकडून भरून घेतला त्याने वापराच्या रकान्यात 'प्रपोज्ड टू बी यूज्ड', म्हणजे वापर पुढे करणार, असं टाकलं. जुनी तारीख दिली की प्रतिज्ञापत्र आणि पुरावे जोडावे लागतात, ती कटकट नको म्हणून. मीही न वाचता सही ठोकली. आता अर्ज ट्रेडमार्क जर्नलमध्ये (हरकतींसाठी अर्ज जाहीर करणारं सरकारी पत्रक) छापून आल्यावर याच कंपनीने विरोध दाखल केलाय आणि पहिलाच मुद्दा हा: अर्जदार स्वतःच म्हणतो की वापर अजून सुरू व्हायचाय.

प्रीपेअरचं प्रकरण वाचलं. पाककृतींचं ॲप, पाच जणांची टीम, लोगोत पेअर (नासपती). ॲपलने २०२० मध्ये अमेरिकेत हरकत घेतली. २०२१ मध्ये पेअरच्या पानाचा आकार जरा बदलून मिटलं. मलाही वाटतं, थेंब हिरवा करावा आणि सुटावं. बहीण म्हणते, बदलायचं तर त्यांनी बदलावं.

रंग बदलला तर चूक कबूल केल्यासारखं होईल का? आणि त्या रकान्याचं आता काय करू?

प्रतिसाद १

आधी दोन कागद वेगळे करा. नोटिशीतले पंधरा दिवस वकिलांनी ठरवलेत, कायद्याने नाही. उत्तर जरूर द्या, पण घाबरून नको. विरोधाचं मात्र तसं नाही. त्याची प्रत मिळाल्यापासून दोन महिन्यांत काउंटर-स्टेटमेंट (विरोधाला तुमचं लेखी उत्तर) गेलं नाही तर अर्ज सोडून दिला असं धरतात. त्यासाठी फॉर्म टीएम-ओ, ऑनलाइन, क्लासमागे २,७०० रुपये. प्रत कोणत्या तारखेला मिळाली ते आजच बघा. ईमेलने आली असेल तर दिवस कधीच सुरू झालेत.

तो रकाना तुमच्याविरुद्ध वापरणारच. पण ट्रेडमार्क कायदा १९९९ चं कलम ३४ आधीपासून वापरणाऱ्याला संरक्षण देतं. अट एवढीच की तुमचा वापर सलग हवा आणि त्यांचा वापर किंवा नोंदणी, यातल्या आधीच्या तारखेच्याही आधीचा हवा. म्हणजे सगळा खेळ कागदांचा. २०१८ ची बिलं, स्टिकरच्या छपाईची पावती, प्ले स्टोअरचे जुने मेल, लोगोसकट दिसणाऱ्या पावत्या काढा. खरी तारीख आणि प्रतिज्ञापत्रासह नवा अर्ज टाकायचा का, हे ट्रेडमार्कचंच काम करणाऱ्या वकिलाला विचारा. जीएसटी भरून देणाऱ्याला नको.

रंगाला आत्ता हात लावू नका. तडजोडीत द्यायला तुमच्याकडे तेवढीच एक गोष्ट आहे, ती फुकट का द्यायची?

प्रतिसाद २

ॲपलचं निघालंच आहे तर: बीटल्स या बँडच्या ॲपल कॉर्प्स कंपनीने १९७८ मध्ये कॉम्प्युटरवाल्या ॲपलवरच दावा लावला होता. १९८१ मध्ये ८० हजार डॉलर भरून आणि संगीताच्या धंद्यात पडणार नाही असं कबूल करून सुटले. पुढे कॉम्प्युटरच गाणी वाजवायला लागला आणि १९९१ मध्ये पुन्हा २ कोटी ६५ लाख डॉलर मोजले. हमीपत्रावर सही करताना दहा वर्षांनी आपण काय विकत असू याचा विचार करा. उद्या ॲपमधून सभासदांचे पैसे वळते करायचे असतील तर?

प्रतिसाद ३

लोगो बहिणीने काढलाय ना? मग चित्राचे हक्क तुमच्या नावावर लेखी करून घेतलेत का? घरातलं माणूस असलं तरी तोंडी चालत नाही.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. विरोधाची प्रत ईमेलवर येऊन ३९ दिवस झालेत, म्हणजे हातात तीनच आठवडे. लेखी काही केलेलं नाही. बहिणीला सांगितलं तर म्हणाली, आधी माझी भागीदारी लिही. गडहिंग्लजच्या प्रेसवाल्याकडे ५०० स्टिकरचं नोव्हेंबर २०१८ चं बिल मिळालं, पण त्यावर फक्त 'स्टिकर, निळे' एवढंच लिहिलंय. त्याच्याकडून लोगोसकट प्रतिज्ञापत्र घेतलं तर चालेल का?