पाइप कापून टाकीची पातळी उतरत नाही
माशांच्या टाकीत ओव्हरफ्लोच्या पेटीतला (जादा पाणी ज्या कप्प्यातून खाली जाते, त्यातला) उभा पाइप आखूड केला की टाकीतले पाणी खाली येते, हा सल्ला पटत नाही. त्याने पातळी पेटीतलीच उतरते आणि पाणी उंचावरून पडू लागल्याने खळखळ मात्र वाढते. टाकीची पातळी कंगव्याच्या, म्हणजे पेटीच्या काठावरच्या दातेरी पट्टीच्या, खाचांवर ठरते, म्हणून खाचाच कानसीने खोल कराव्यात, अर्थात कंगवा अ‍ॅक्रिलिकचा असेल तरच.

मात्र १२० बाय ४५ सेंटिमीटरच्या टाकीत पातळी ३ सेंटिमीटर उतरवली, तर सुमारे १६ लिटर पाणी खालच्या सम्पमध्ये (पाणी परत वर चढवणारा पंप असलेल्या टाकीत) जाते. ते आधीच उपसले नाही, तर आमच्या सांगलीत वळवाच्या पावसात वीज गेल्यावर पंप थांबतो, खाचांवरचे उरलेले पाणीही खाली येते आणि सम्प काठावरून वाहतो.