अपडेटनंतर काचेवरची वाफ घालवायचं बटण आत गेलं. जुनी स्क्रीन परत मिळेल का?

वाफाळलेली_काच

गाडीला साडेतीन वर्षं झाली. पंधरा दिवसांपूर्वी रात्री अपडेट उतरलं आणि सकाळी बघतो तर अख्खी स्क्रीनच वेगळी. समोरच्या काचेवरची वाफ घालवायचं चिन्ह आधी खालच्या पट्टीत, डाव्या कोपऱ्यात कायम दिसायचं. आता आधी पंख्याचं चिन्ह दाबायचं, वर आलेलं पान बोटाने सरकवायचं, मग दुसऱ्या रांगेत ते सापडतं. जुन्या जागी गाण्यांचं चिन्ह आलंय.

गेल्या आठवड्यात धो धो पाऊस होता. गाडीत आम्ही चौघं, काच आतून पांढरी व्हायला लागली. बोट सवयीने कोपऱ्यात गेलं आणि गाणं सुरू झालं. चिन्ह शोधून वर पाहिलं तर पुढच्या ट्रकचे लाल दिवे अगदी समोर. ब्रेक वेळेवर लागला. घरी पोचल्यावरही माझे हात थरथरत होते.

बाबा ७१ वर्षांचे आहेत, तेही हीच गाडी चालवतात. गाडी नवीन होती तेव्हा उभ्या गाडीत बसून त्यांनी एकेक बटण शिकून घेतलं होतं. वहीत स्क्रीनचं चित्र काढून त्यावर आकडे घातले होते. आता गेले दहा दिवस त्यांनी किल्लीला हात लावलेला नाही. "ही गाडी आता ओळखीची वाटत नाही" म्हणाले. मला ते फार लागलं.

सर्व्हिस सेंटरमध्ये विचारलं तर "मागे जाता येत नाही" एवढंच उत्तर मिळालं. खरंच येत नाही का? निदान ते एक चिन्ह तरी खाली आणता येईल का?

बिनतारी

मी गाड्यांच्या सॉफ्टवेअरवरच काम करतो. मागे जाता येत नाही हे बहुतेक गाड्यांच्या बाबतीत खरं आहे. जुन्या व्हर्जनमधल्या सुरक्षेच्या त्रुटी नव्यात बुजवलेल्या असतात, म्हणून जुनं परत चढू नये असं कुलूपच घातलेलं असतं. ते कुलूप योग्य आहे. पण त्रुटी बुजवणं आणि बटणांच्या जागा बदलणं एकाच गाठोड्यात बांधून देतात, ते मला पटत नाही. एक हवं तर दुसरंही घ्यावंच लागतं.

संयुक्त राष्ट्रांचा अपडेटसंबंधीचा नियम आहे, आर १५६. तो लागू असलेल्या देशांत अपडेट चढवण्याआधी त्याचा उद्देश काय आणि गाडीच्या कामात काय बदल होणार हे वापरणाऱ्याला सांगावं लागतं. तुम्हाला आलेली सूचना मेन्यूत सापडते का बघा. "दृश्य सुधारणा" एवढंच लिहिलं असेल तर त्याचा फोटो जोडून कंपनीला लेखी कळवा. ट्रकचा प्रसंगही लिहा.

लांबचा_प्रवास

ते चिन्ह दोन-तीन सेकंद दाबून धरून पाहिलंत का? काही गाड्यांत तसं केल्यावर पट्टीतली चिन्हं बदलता येतात. नाही जमलं तर स्टिअरिंगवर चांदणीचं बटण आहे का बघा, त्याला हवं ते काम नेमून देता येतं. आणि वाफ धरायच्या आधीच एसी चालू ठेवा, आतलीच हवा फिरवणारं बटण बंद ठेवा. चौघांच्या श्वासाची ओल एसी शोषून घेतो.

रोजचा_चालक

मलाही हेच अपडेट आलं. नकाशा सुधारलाय, मागचा कॅमेरा लवकर उघडतो. महिनाभरात हात बसेल, थोडा धीर धरा.

वाफाळलेली_काच

नकाशा सुधारला हे मान्य. पण तो महिना मी रस्त्यावरच काढणार ना? ताशी ८० च्या वेगात दोन सेकंद नजर हटली तर गाडी ४४ मीटर पुढे गेलेली असते. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा खात्याने २०१३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत एका वेळी नजर हटण्याची मर्यादा दोनच सेकंद धरली आहे. गाण्यांचं चिन्ह कुठेही हलवा, माझी तक्रार नाही. समोरचं दिसण्यासाठी जे लागतं ते हलवू नका.

बिनतारी

स्वीडनमधल्या एका मोटार-मासिकाने २०२२ मध्ये ताशी ११० च्या वेगात चाचणी घेतली होती. रेडिओ लावणं, काच तापवणं अशी रोजची कामं होती. २००५ ची बटणांची व्होल्वो व्ही ७० दहा सेकंदांत मोकळी झाली, सगळ्यात मागे राहिलेल्या टचस्क्रीनच्या गाडीला ४४.६ सेकंद लागले. गाड्यांची सुरक्षा तपासून गुण देणाऱ्या युरो एनकॅप या युरोपातल्या संस्थेनेही २०२६ पासून इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि मदतीची हाक यांच्यासाठी खरी बटणं असतील तरच पूर्ण गुण द्यायचं ठरवलं. वाफ घालवणं त्या यादीत नाही. असायला हवं होतं.

वाफाळलेली_काच

पट्टीत ते चिन्ह येत नाही, दाबून धरून पाहिलं. पण स्टिअरिंगवरच्या चांदणीला ते काम नेमून देता आलं. लांबचा_प्रवास, मनापासून आभार. काल बाबांना उभ्या गाडीत बसवून दाखवलं. डोळे मिटून त्यांनी सात-आठ वेळा अंगठ्याने बटण चाचपलं, दाबलं, काचेवर हवेचा आवाज ऐकला. मग वही मागितली आणि नवीन पानावर स्टिअरिंगचं चित्र काढायला घेतलं. पुढच्या अपडेटनंतर चांदणी तशीच राहील का, असं त्यांनी विचारलंय. कंपनीला लिहिलेल्या पत्रात मी तो प्रश्न त्यांच्याच शब्दांत घातला आहे. उत्तर आलं की इथे टाकतो.