नव्या फिश टँकचं पाणी दुधाळ झालंय, सगळं बदलू का?

केवडा:
जाणकारांनी कृपया मदत करा. लेकीच्या हट्टापायी दोन फुटी टँक आणलाय, साधारण ६० लिटरचा. चार गोल्डफिश, स्पंज फिल्टर, तळाला खडी. आठवडाही झाला नाही तर पाणी पांढुरकं झालं आणि मासे सारखे वर येऊन तोंड उघडमीट करतायत. शेजारचे काका म्हणतात, सगळं पाणी उपसून टँक घासून काढ. दुकानदार म्हणतो, बॅक्टेरियाची बाटली घे. पाणी महापालिकेच्या नळाचं. कुणाचं ऐकू?

खाजण:
ताई, टँक अजिबात घासू नका. तो पांढुरकेपणा म्हणजे उरलेल्या खाण्यावर वाढलेले जिवाणू. ते आपोआप कमी होतात, पण तोवर पाण्यातला ऑक्सिजन ओढतात, म्हणून एअर पंप दिवसरात्र चालू ठेवा.

खरी भीती अमोनियाची. मासे तो कल्ल्यांतून सतत सोडतात. नायट्रोसोमोनास गटातले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि नायट्रोस्पायरा त्याचं नायट्रेट. पहिली दोन्ही विषारी, नायट्रेट बरंच सौम्य. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, स्पंजला आणि खडीला चिकटून राहतात, आणि फार सावकाश वाढतात. नव्या टँकमध्ये त्यांचा जम बसायला चार ते सहा आठवडे लागतात.

आजच पाव ते एक तृतीयांश पाणी बदला. नव्या पाण्यात अँटीक्लोरीन टाकायला विसरू नका, क्लोरीन माशांनाही मारतं आणि जिवाणूंनाही. खाणं दिवसाआड, चिमूटभर. आणि थेंबांचं टेस्ट किट घ्या. अमोनिया, नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत रोज मोजा, वाढलं की पाणी बदला. मन मोडतंय, पण ६० लिटरला चार गोल्डफिश जास्तच. दोन परत देता आले तर बघा.

भरती_ओहोटी:
खाजण यांच्याशी सहमत. पीएचही मोजा. २५ अंशांना पीएच ७ असेल तर अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पीएच ८ ला सुमारे ५ टक्के. बोअरच्या जड पाण्याचा पीएच बहुधा जास्त असतो, त्यामुळे ते मिसळणार असाल तर जपून.

बाटलीबद्दल: नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू म्हणून पूर्वी सगळे नायट्रोबॅक्टरचं नाव घ्यायचे. संशोधक टिमोथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवलं की गोड्या पाण्याच्या टँकमध्ये नायट्राइटचं काम नायट्रोस्पायरासारखे जिवाणू करतात. बाटलीवर नीट नावं नसतील, ती उन्हात पडून राहिलेली असेल, तर पैसे घालवू नका. त्यापेक्षा कुणाच्या जुन्या, निरोगी टँकमधला स्पंजचा तुकडा आणा. विरजण लावल्यासारखं आहे हे, आणि फुकट.

केवडा:
दोघांचेही मनापासून आभार! पाणी बदललं, एअर पंप वाढवला. कोथरूडला मैत्रिणीचा टँक आहे, तिचे मासे ठणठणीत आहेत. स्पंज आणताना धुऊन आणू का?

भरती_ओहोटी:
नळाखाली मुळीच नको. तिच्याच टँकच्या पाण्यात, पिशवीत थोडी हवा ठेवून आणा आणि घरी आल्याबरोबर तुमच्या फिल्टरला लावा. पुढेही स्पंज तुंबला की टँकमधून काढलेल्या पाण्यातच हलका पिळायचा. वीज जात असेल तर बॅटरीचा एअर पंप घेऊन ठेवा, ऑक्सिजन तुटला की स्पंजमधले जिवाणूही मरायला लागतात.