डीआर ड्रिल (आपत्तीनंतर संगणक यंत्रणा पुन्हा उभी करण्याची तालीम) बैठकीत पुरेशी आहे का, की वर्षातून एक दिवस काम खरोखरच दुसऱ्या साइटवर हलवावे?

वाळूजकर (धाग्याचा प्रस्ताव)

आमच्या कारखान्यात ईआरपी (कारखान्याचे सगळे व्यवहार चालवणारी संगणकप्रणाली) बंद पडल्यास काय करायचे याचा चाळीस पानी आराखडा आहे. दर मार्चमध्ये विभागप्रमुख एकत्र बसून तो वाचतात, सह्या करतात आणि ‘चाचणी यशस्वी’ अशी नोंद होते. गेल्या पावसाळ्यात वीज पडून मुख्य सर्व्हरचे स्टोरेज निकामी झाले, तेव्हा या नोंदीचे मोल कळले. बॅकअपच्या सगळ्या फायली जागेवर होत्या. परंतु त्या कूटबद्ध होत्या, आणि त्या उघडण्याचा पासवर्ड ज्या फोल्डरमध्ये जपून ठेवला होता, तो फोल्डर त्याच बंद पडलेल्या सर्व्हरवर होता. अखेर एका निवृत्त सहकाऱ्याच्या जुन्या वहीत, शेवटच्या पानावर निळ्या पेनाने लिहिलेला तो पासवर्ड सापडला. तोवर दोन पाळ्या उलटल्या होत्या, माल भरलेल्या गाड्या गेटवर उभ्या होत्या आणि डिस्पॅचचे लोक छापील चलानबुके शोधत होते.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, वर्षातून एकदा, कामाच्या दिवशी, संपूर्ण ईआरपी डीआर साइटवरून, म्हणजे संकटासाठी ठेवलेल्या दुसऱ्या जागेच्या सर्व्हरवरून, चालवलेच पाहिजे. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२३ मध्ये काढलेल्या आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या निर्देशांत महत्त्वाच्या प्रणालींसाठी किमान सहा महिन्यांतून एकदा अशी ड्रिल सांगितली आहे. त्यात दिवसाच्या सुरुवातीपासून दिवसअखेरपर्यंतचे किमान एका पूर्ण दिवसाचे कामकाज डीआर साइटवरून चालवणे अपेक्षित आहे. बँकांना जे जमते, ते आपल्याला का जमू नये?

जालन्याहून

आपला अनुभव वेदनादायक आहे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. आपला पासवर्ड सापडत नव्हता, ही गोष्ट एका वेगळ्या मशीनवर बॅकअप रिस्टोअर करून (त्यातला डेटा परत उभा करून) पाहिला असता तासाभरात उघडकीस आली असती. त्यासाठी चालू काम हलवण्याची गरज नव्हती. बँकांकडे त्यासाठी स्वतंत्र माणसे असतात. आमच्या रोलिंग मिलमध्ये आयटीचे आम्ही तिघेच आहोत.

खरा धोका डीआरवर जाण्यात नसून परत येण्यात आहे. दिवसभरात डीआरवर झालेल्या नोंदी मुख्य सर्व्हरवर आणताना प्रतिकृतीची (एका सर्व्हरचा डेटा दुसऱ्यावर उतरवण्याची) दिशा एकदा उलटी लागली, तर आदल्या दिवसाचा शिळा डेटा ताज्या डेटावर चढतो. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअरचा कोड साठवणाऱ्या ऑनलाइन सेवेत काय झाले ते आठवावे. मागे पडलेला दुय्यम डेटाबेस दुरुस्त करताना अभियंत्याने चुकून मुख्य डेटाबेसवरच पुसण्याची आज्ञा दिली आणि सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला. तिथे वीज पडली नव्हती की आग लागली नव्हती. घाईत असलेल्या एका माणसाचा हात चुकीच्या सर्व्हरवर पडला, एवढेच. आपण सुचवता ती चाचणी नेमकी अशाच हातांना दरवर्षी त्या जागी नेते.

वाळूजकर

त्याच घटनेचा पुढचा भाग आपण सोडून दिलात, सर. गिटलॅबचा नेहमीचा बॅकअप, तो घेणाऱ्या साधनाची आवृत्ती डेटाबेसशी न जुळल्यामुळे, बरेच दिवस होतच नव्हता, आणि त्याची सूचना देणारे ईमेलही नाकारले जात होते. योगायोगाने सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या डेटाची प्रत) होता, म्हणून ते वाचले. परत येण्याची वाट धोक्याची असेल, तर खऱ्या संकटानंतर मध्यरात्री ती पहिल्यांदाच चालण्यापेक्षा ठरवलेल्या दिवशी, सर्वांच्या देखत चालून पाहिलेली काय वाईट? शिवाय वेगळ्या मशीनवरचे रिस्टोअर डेटा आहे एवढेच सांगते. बारकोड प्रिंटर नव्या पत्त्यावर बोलतो का, मालवाहतुकीसाठी लागणारे ई-वे बिल निघते का, हे त्यातून कळत नाही.

लातूरकर

दोघांच्याही वादात एक गोष्ट राहून जात आहे. काम हलवण्याची चाचणी शंभर टक्के यशस्वी झाली, तरी डीआरचा सर्व्हर शेजारच्याच शेडमध्ये आणि त्याच फीडरवर (वीजवाहिनीवर) असेल, तर त्या यशाला अर्थ नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट पाहिलेल्या आमच्या भागातही दुसरी प्रत त्याच कपाटात ठेवलेली मी पाहतो, तेव्हा मन अस्वस्थ होते. ड्रिलच्या दिवशी मुख्य इमारतीची वीज आणि इंटरनेटची जोडणी दोन्ही प्रत्यक्ष बंद करावी, तरच दुसरी साइट खरोखर वेगळी आहे की नाही ते दिसेल.

जालन्याहून

फीडरचा मुद्दा मी आजच आमच्या व्यवस्थापनापुढे मांडतो. प्रिंटर आणि ई-वे बिलाबाबत वाळूजकर म्हणतात ते खरे आहे. ते माझ्या पद्धतीत तपासायचे राहून जाते. तरीही कामाच्या दिवशी उत्पादन हलवण्यास माझा विरोध कायम आहे. आधी सलग तीन महिने वेगळ्या मशीनवर रिस्टोअर, मग साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी डीआरवर जाऊन परत येण्याची रंगीत तालीम, आणि परतीची प्रत्येक पायरी दुसऱ्या माणसाने वाचून दाखवल्याशिवाय पहिल्याने आज्ञा द्यायची नाही, एवढे आपण लेखी देत असाल तर पुढच्या वर्षीच्या एका पाळीपुरता मी विचार करीन. परतीच्या पायऱ्यांचा आपला आराखडा येथे द्यावा; माझ्या शंका मी ओळीओळीने लिहितो.